युनियन कोनं फोडली

एकोडीच्या शाळेत बदली झाली तेव्हा भाड्याची खोली मागायला मी डोमाभाऊंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं. मी हिंगणघाट म्हणालो. मग धान, पाऊस, शाळेची गळकी खोली असं बरंच बोलणं झालं आणि मध्येच, अगदी सहज विचारावं तसं, ते म्हणाले, "तुमच्या गावच्या नदीचं नाव काय म्हनलं तुमी?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. "वणा," मी सांगितलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, पास झालो. पुढे कळलं की हिंगणघाट त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि नदीचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. उत्तर यायला किती वेळ लागतो तेवढंच ते पाहत. वेळ लागला तर माणूस खोटा. आणि वेळ लागलाच नाही, तर घरून पाठ करून आलेला. माझं काय ठरलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. खोली मात्र दिली, आणि तीही रस्त्याकडची, ओसरीला लागून असलेली. मला तो मान वाटला. पण त्या खोलीत कोण येतं-जातं ते ओसरीवरच्या खाटेवरून स्पष्ट दिसायचं.

उंच, वाळका माणूस. खांद्यावर दुपट्टा, पायजम्याची एक बाजू कायम दुमडलेली. दारात कधी सरळ उभे राहायचे नाहीत. एक खांदा आत, एक बाहेर. कुणी काही सांगितलं की ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असन. पन काहून?" म्हणजे, असेल, पण का? कृषी सहाय्यकानं बियाणं चांगलं आहे म्हटलं, "असन. पन हा काहून सांगून राहिला?" शेजारच्या घरून लग्नाचे लाडू आले, "असन. पन आपल्याले दोन ज्यास्त काहून?" टीव्हीवरच्या हवामानाच्या बाईवर तर त्यांचा फार जुना राग. पाऊस येणार हे सांगताना ती हसते कशाला, असा त्यांचा सवाल होता. घरातलं काही महत्त्वाचं बोलायचं असलं की सगळ्यांचे मोबाइल गोळा करून तांदळाच्या डब्यात टाकत आणि वरून झाकण लावत. एकदा माझाही टाकला. घंटी वाजायला लागली तेव्हा सगळं घर डब्याकडे पाहत बसलं, पण झाकण उघडायची कुणाची छाती झाली नाही. फोन आमच्या हेडमास्तरांचा होता. दुसऱ्या दिवशी मी बोलणी खाल्ली.

गाव त्यांना पाठीमागे सीआयडी म्हणायचं. हे त्यांना माहीत होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही माहीत होतं.

पण या सगळ्या संशयाला एक बूड होतं. डोमाभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ केशव, दोघांची चूल एक होती. गावात एक गल्ली अशी नव्हती जिथं भाऊ अलग निंगले नव्हते. अंगणात भिंती उठल्या होत्या, एकाच विहिरीला दोन मोटारी बसल्या होत्या. या घरात मात्र एक भाताचं भांडं, एक देवघर, शेताच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सामाईक. डोमाभाऊंना याचा अभिमान होता आणि त्याहून जास्त याची भीती होती. "गुरुजी, घर बाहेरून नाई फुटत," ते मला सांगत. "बाहेरचा मानूस आतल्याच्या कानात बोलते. मंग फुटते." त्यामुळे जो कुणी उंबरा ओलांडेल तो कानात बोलणारा असू शकत होता. पाहुणे, बांगड्या भरणारी, विम्याचा एजंट, मी.

केशव वयानं पन्नाशीला आलेला, बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा. पहाटे शेतात जायचा, सांगितलं ते करायचा, वाढलं ते खायचा. त्याच्यावर कुणी संशय घ्यावा असं काही त्याच्यात नव्हतंच.

डोमाभाऊंचा मुलगा प्रमोद इंग्लंडात होता. नागपुरात हॉटेलचा कोर्स केला आणि नशिबानं लंडनच्या बाजूच्या एका गावी, एका पंजाबी मालकाच्या हॉटेलात आचारी म्हणून लागला. "आमच्या घरी सात पिढ्या धान पिकवते," डोमाभाऊ म्हणत, "अन् हा पोट्टा भात शिजवाले विलायतेले गेला." वरून चेष्टा, पण त्याच्या फोनची वाट ते दिवसभर पाहत. निलेश, म्हणजे केशवचा मुलगा, त्यालाही तिकडे जायचं होतं. त्यानं तसं बोलून दाखवलं की डोमाभाऊ विचारायचे, "हे तुले कोनं सुचवलं?"

आणि एका वर्षी टीव्हीवर बातमी आली की इंग्लंड युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं म्हणतंय, त्यासाठी मतदान घेतलंय, आणि निम्म्याहून थोडे जास्त लोक बाहेर पडायच्या बाजूनं गेलेत. मुलगा तिथं असल्यामुळे डोमाभाऊ टीव्हीसमोर अगदी पुढे सरकून बसले. 'युनियन' हा शब्द कानावर पडला आणि त्यांचा चेहरा पडला.

याला कारण होतं. तरुणपणी ते तुमसरकडच्या एका राइस मिलमध्ये हमाली करत. तिथं हमालांची युनियन होती. एक दिवस त्यातला एक जण उठला आणि म्हणाला, मी युनियन सोडतो, मला माझं बघायचं आहे. आठवड्यात आणखी काही सुटले. मग युनियन बसली आणि मालकानं उरलेल्यांना हाकललं, त्यात डोमाभाऊही आले. नंतर कळलं, पहिल्या माणसाला मालकानंच फोडलं होतं. तेव्हापासून युनियन सोडणारा माणूस म्हणजे कुणाचा तरी विकत घेतलेला, हे त्यांच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलेलं.

"म्हनजे इंग्लंडनं युनियन सोडली," ते म्हणाले. "मालक कोन हाय?"

मी समजावून सांगितलं. ही हमालांची युनियन नाही, देशांची आहे. बरेच देश एकत्र आलेले, एकमेकांच्या मालावर जकात घेत नाहीत, एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात जाऊन बिनधास्त काम करू शकतो. वर्गात नकाशा लावून शिकवतो तसं सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हनजे युनियनच," ते म्हणाले. "मंग याले फोडनारा मालक कोन?"

"मालक नाही हो, तिथल्या लोकांनी ठरवलं."

"लोक ठरवते. पन लोकायच्या कानात कोन बोललं?"

त्यापुढे माझा भूगोल संपला.

गंमत म्हणजे गावातही इंग्लंडावरून दोन तट पडले. स्टँडवरच्या हिरामणच्या चहाच्या हॉटेलात एका बाकावर वेगळा विदर्भ मागणारे बसायचे. त्यांना इंग्लंडचं भारी कौतुक. "एवढे गोरे अलग निंगते, तं आपन काहून मुंबईच्या तोंडाकडे पाहाचं?" समोरच्या बाकावरचे म्हणायचे, अलग निंगून खाशील काय, आधी ते सांग. खुद्द इंग्लंड कुठल्या बाजूला आहे हेही दोन्ही बाकांवर धड कुणाला ठाऊक नव्हतं, पण एकमेकांना लोक वाट्टेल ते बोलत होते. एका सोयऱ्यानं तर दुसऱ्याच्या घरच्या बारशाला जायचं टाळलं. डोमाभाऊ मधोमध उभे राहून चहा पीत आणि दोन्ही बाकांकडे सारख्याच संशयानं पाहत. केशव त्यांच्या मागे उभा असे. एकदा त्यानं एका बाकाकडे पाहून विचारलं, "पन अलग निंगल्यावर ते एकमेकाच्या घरी जातेत का जी?" कुणी लक्ष दिलं नाही. हिरामणनं दुसऱ्याच कुणाला तरी पालेभजी दिली.

प्रमोदचा फोन आला तेव्हा लाउडस्पीकरवर सगळं घर गोळा झालं. तो बोलता बोलता सांगून बसला की त्यालाही मत होतं. तिथं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही तिकडच्या मतदानात मत देता येतं म्हणे.

"त्यायच्या घरच्या वाटनीत तुले कायले इचारलं?" डोमाभाऊ म्हणाले.

"नियमच हाय बाबा तसा."

"असन. मंग कोनाकडून टाकलं?"

"ते गुप्त असते बाबा."

हा एक शब्द त्या माणसाला महिनोन्‌महिने पुरला. गुप्त! त्यांच्या घरात, त्यांच्या पोटच्या पोराचं, आणि त्यांच्यापासून! जेवताना, शेतात, ओसरीवर त्यांचं तेच चालू. पार्वताबाई, म्हणजे त्यांची बायको, एकदा वैतागून म्हणाली, "टाकलं असन कुठं तरी. आपल्या बांधीत तं नाई न टाकलं?" त्या दिवशी त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं.

दिवाळीला प्रमोद आला. डोमाभाऊंनी सरळ काहीच विचारलं नाही. दोन दिवस लाड केले. तिसऱ्या दिवशी फराळ चालू असताना म्हणाले, "तुमचा मालक चांगला मानूस दिसते."

"हो, चांगला हाय."

"तो कोनाकडून होता? राहा का निंगा?"

"निंगाकडून. सगळ्यायले सांगतलं त्यानं. युरोपातले लोक येनं बंद झाले तं आपल्याकडून आचारी बोलवता येतीन म्हने." प्रमोद थांबला. त्याला कळलं आपण कुठं आलो ते. "मीनंबी तिकडेच टाकलं, बाबा. निलेशले बोलवता येईन म्हनून."

निलेशचे डोळे चमकले. केशव हातातला चिवडा तसाच धरून बसला. डोमाभाऊ प्रमोदला रागावले नाहीत. "दुसऱ्याचं घर फुटलं तं आपल्याले जागा भेटते, हे बरोबर नोहे बापू," एवढंच म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, जन्मभराचा खटला जिंकल्यासारखे बोलले, "गुरुजी. मी काय म्हनत होतो? मालक हाय म्हनून."

 

निलेशला काही कुणी बोलावलं नाही. तिकडचे नियम सैल होण्याऐवजी प्रमोदच्या मालकाचंच हॉटेल अडचणीत आलं. आणि इंग्लंड तर निंगतो म्हणता निंगेना. माहेरी चालले म्हणून बायकोनं पेटी भरावी आणि दारात उभी राहून तासभर भांडावं, तसं त्याचं चाललेलं. गावाचा उत्साह संपला. डोमाभाऊंचा संशय तेवढा वाढला. "निंगाचं असते तो निंगते," ते म्हणत. "हे नाटक हाय."

एकदा बातम्यांत आयर्लंडची हद्द दाखवत होते. मी सांगितलं, एकच बेट आहे, त्यातला एक तुकडा युनियनमध्ये राहणार आणि दुसरा बाहेर जाणार, म्हणून मधल्या हद्दीचं काय करायचं हा घोळ आहे. डोमाभाऊ म्हणाले, धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, दुसरं काय. केशव मात्र मागून म्हणाला, "वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पानी कसं येईन मंग?" मी म्हणालो, तिथं धान नसतं केशवभाऊ. सगळे हसले, तोही हसला.

अखेर एका हिवाळ्यात इंग्लंड बाहेर पडलं. टीव्हीवर कुठं झेंडे, कुठं रडणारी माणसं. आम्ही जेवायला बसलो होतो. त्या दिवशी मीही त्यांच्याच पंगतीला होतो. डोमाभाऊंनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "चला, फुटलं एकदाचं."

"भाऊ," केशव म्हणाला. भात कालवता कालवता, मान वर न करता. "मलेबी अलग निंगाचं हाय."

डोमाभाऊंचा हात ताटातच राहिला. मोबाइल डब्यात टाकायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

पुढचे काही दिवस त्यांनी जी चौकशी केली तिला तोड नाही. पहिला संशय केशवच्या बायकोवर. शकुन बिचारी आधीच रडत होती. वेगळी चूल तिलाच नको होती, जावेशिवाय तिनं कधी भाकर थापली नव्हती. मग निलेश, पण तो तोवर नागपुरात नोकरीला लागलेला, त्याला पत्ताच नव्हता. मग इंग्लंडला फोन. प्रमोद म्हणाला, बाबा, मला काय माहीत. हिरामणला विचारून झालं, विदर्भाच्या बाकाला विचारून झालं. शेवटी ते माझ्या खोलीशी आले. एक खांदा आत, एक बाहेर.

"गुरुजी, तुमी केशवले टीवी समजावून सांगत होते."

मला संताप आला. इतकी वर्षं यांच्या छपराखाली राहून, यांच्या घरचं खाऊन, शेवटी मीच घरफोड्या! मी म्हणालो, "डोमाभाऊ, तुमच्या भावाला स्वतःचं डोकं आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना माझा राग दिसलाच नाही. ते खरोखर चकित झाले होते.

"केशवले?" ते म्हणाले.

केशव अंगणात सुंभ वळत होता. त्यानं ते ऐकलं. तो उठला नाही, आवाजही चढवला नाही, पण मी त्याला एवढं लांब बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"भाऊ, तुमी गावभराच्या मानसावर शक घेतला. वहिनीवर घेतला, प्रमोदवर घेतला, गुरुजीवर घेतला. लाडू देनाऱ्यावर घेतला. माह्यावर एकदाबी नाई घेतला."

"तुह्यावर काहून घीन? तू माहा भाऊ हायेस."

"प्रमोद पोरगा हाय न तुमचा. त्याच्यावर घेतला." त्यानं सुंभाला पीळ दिला. "शक घ्याले समोरच्याच्या मनात काई तरी असाले पायजे. माह्या मनात काई येऊच शकत नाई, हे तुमी मी जनमलो तवाच ठरवून टाकलं. आता मले एक चूल पायजे, जिथं काय शिजवाचं ते मले कोनी इचारीन."

 त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. सगळ्या दारांना कड्या घालून बसलेला माणूस तो, आणि जे दार त्याला दार वाटतच नव्हतं तेच उघडलं होतं.

वाटणी झाली. भांडण झालं नाही. वरच्या बांध्या डोमाभाऊंना, खालच्या केशवला. केशवनं अंगणाच्या पलीकडच्या दोन खोल्या घेतल्या. मग लगेच तो आजार आला आणि सगळा देश घरात कोंडला गेला. एका अंगणात दोन चुली पेटायच्या आणि दोन भाऊ एकमेकांकडे न पाहता दोन ओसऱ्यांवर बसायचे. पार्वताबाई आणि शकुन भाजीच्या वाट्या इकडून तिकडे नेत. डोमाभाऊ वाटी पाहत, पण कुठून आली ते विचारत नसत. त्यांचं विचारणंच बंद झालं होतं. माणसं यायची, सांगायची, ते ऐकून घ्यायचे आणि "हो" म्हणायचे. विम्याच्या एजंटालाही "हो" म्हणाले. पार्वताबाई घाबरून माझ्याकडे आल्या. "गुरुजी, यायचं काई तरी बिघडलं," त्या म्हणाल्या. "लय दिवसापासून कोनावरच शक घेऊन नाई राहिले."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझी बदली झाली. जायच्या सकाळी निरोप घ्यायला मी शेतावर गेलो. डोमाभाऊ वरच्या धुऱ्यावर उभे होते. त्यांची बांधी काठोकाठ भरलेली, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, नुकती लावलेली. खाली केशव चिखलात वाकून एकटाच रोवत होता. मजूर मिळत नव्हते. डोमाभाऊंनी मला पाहिलं. बराच वेळ ते आपल्या बांधीतल्या पाण्याकडे पाहत होते, मग खालच्या बांधीकडे, मग पुन्हा पाण्याकडे. मग त्यांनी एक पाय खालच्या धुऱ्यावर टाकला.

"केशव."

"जी."

"धुरा फोडून माह्या बांधीतलं पानी तूनं तोडलं का?"

केशव सरळ झाला. हातातून चिखल गळत होता. त्यानं भरलेल्या बांधीकडे पाहिलं, जिच्यातला थेंबही कुठं गेलेला नव्हता. मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं. भावानं असं बारीक डोळ्यांनी त्याच्याकडे पाहण्याची ही पहिलीच वेळ. आणि केशवचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

"हो भाऊ," तो म्हणाला. "मीनंच तोडलं."

"काहून?"

"मनात आलं."

डोमाभाऊंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "असं हाय तं," ते हळूच म्हणाले. "तू तं लय पोचलेला दिसतेस. उद्यापासून मी इथंच बसत जाईन. नजर ठेवा लागन तुह्यावर."

"बसा न जी."

ते उद्याची वाट न पाहता तिथंच बसले, केशवच्या धुऱ्यावर, पाय त्याच्या बांधीत सोडून. केशव पुन्हा वाकून रोवायला लागला, आणि दर चार ओळींनी मान वर करून भाऊ पाहतोय ना याची खात्री करू लागला. थोड्या वेळानं शकुन धुऱ्याधुऱ्यानं किटली घेऊन आली. तिनं पहिला कप डोमाभाऊंपुढे धरला. त्यांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, नाकाशी नेऊन हुंगला, आणि मग सगळा चहा पिऊन टाकला.